तिने तुम्हाला विचारलं होतं

प्रश्न : ३२ वर्षांच्या एका बहिणीचं पत्र आहे. सासर पुण्याला, माहेर नाशिक जिल्ह्यात. माहेरी आई-वडील, तीन एकर द्राक्षबाग आणि २६ वर्षांचा धाकटा भाऊ. भाऊ एमआयडीसीत कामाला होता. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून बरोबरच्या मुलाने दिलेली एमडी ही नशेची पावडर त्याने दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ओढली. आता नोकरी गेली आहे. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मग दीड दिवस उठत नाही. अंगाने निम्मा झालाय. आईने पाटल्या मोडून दोनदा त्याची उधारी फेडली. दिवाळीची साफसफाई करायला गेलेल्या बहिणीला त्याच्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट सापडली, नळीसारखी गुंडाळलेली. कितीदा सरळ केली तरी ती परत वळत होती. भाऊ म्हणाला, "चार-चार दिवस घेत नाही मी. टर्की-बिर्की काही येत नाही. हे काय व्यसन आहे का?" (टर्की म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास.)

घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलंय. साखरपुडा झाला, आठवड्याभरात बस्ता बांधायचाय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. मुलगी डी.एड. झालेली, खेड्यातल्या शाळेत शिकवते. तिच्या घरी यातलं काही माहीत नाही. आई म्हणते, दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर. वडील म्हणतात, आपल्या घराण्यात असलं काही नाही, संगत सुटली की संपलं. मामा म्हणतात, एका केंद्राची गाडी रात्री येऊन पोरगं उचलून नेते, लग्नाआधी पंधरा दिवस तरी ठेवू. मागच्या आठवड्यात होणाऱ्या भावजयीचा बहिणीला फोन आला, "ताई, यांना झोपेचा काही त्रास आहे का? रात्री तीन-तीनला मेसेज असतात." बहीण म्हणाली, "कंपनीत नाइट असते ना."

बहीण विचारते, मुलीकडच्यांना सांगू का? सांगितलं तर भावाचं लग्न मोडल्याचं पाप माथी येईल, माहेर तुटेल. न सांगता राहिले तर झोप लागत नाही.

उत्तर :

ताई, त्या गुंडाळलेल्या नोटेबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय आणि फोनबद्दल शेवटी दोन ओळी. मी त्या दोन ओळींपाशीच थांबले. "सांगू का?" असं आपण म्हणतो ते समोरच्याने काही विचारलेलं नसताना. तुम्हाला तर तिने विचारलं. होणाऱ्या सासरच्या सगळ्या माणसांतून तिने तुमचा नंबर लावला, कारण तुम्ही थोरल्या आहात, बाईमाणूस आहात, खरं सांगाल असं तिला वाटलं. तेव्हा तिला दिलेलं उत्तर दुरुस्त कधी करायचं आणि कसं, एवढाच प्रश्न आता उरलाय.

मी तुम्हाला दोष देत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात कुटुंबीयांच्या सभा घेते, त्याला बरीच वर्षं झाली. "नाइट आहे", "पित्ताचा त्रास आहे", "कामासाठी बाहेरगावी गेलाय" ही वाक्यं मी कितीतरी आयांच्या, बायकांच्या, बहिणींच्या तोंडून ऐकली आहेत. विचार करून कुणी बोलत नाही, तोंडातून निघून जातं. घरातला एक जण पावडर ओढतो आणि पांघरूण घालायची सवय बाकी सगळ्या घराला लागते.

आईंचं "दोनाचे चार हात" मला समजतं. त्यांनी असं झालेलं डोळ्यांनी पाहिलं असणार. मित्रांच्या नादाने उंडारणारा, अधूनमधून पिणारा मुलगा लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर घराला लागतो, हे गावोगावी घडतं. पण तो मुलगा मजा म्हणून करत होता. तुमचा भाऊ त्याच्या पुष्कळ पुढे गेलाय. नोकरी गेली, आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, हे सगळं दिसत असूनही हात तिकडेच वळतो, यालाच आम्ही आजार म्हणतो. सुख कशात आहे आणि पुन्हा कशामागे धावायचं, हे शिकणारी एक यंत्रणा आपल्या मेंदूत असते. एमडी तिला इतकी पिळून काढते की जेवण, पगार, बागेला लागलेला माल, होणाऱ्या बायकोचा फोन, सगळं फिकं पडतं. नवरी उंबरठा ओलांडून आत आली म्हणून ती यंत्रणा जागेवर येत नाही. पावडर पूर्ण बंद असेल तरच येते, आणि त्यालाही महिने लागतात.

आमच्या सभेला एक मुलगी यायची. लग्नाला चार महिने झालेले. नवऱ्यासाठी आणलेला डबा मांडीवर घेऊन बसायची आणि त्याची कडी सारखी उघडायची, लावायची. पहिले तीन आठवडे एक शब्द बोलली नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "सासूबाई म्हणतात, तू आलीस की सुधारेल वाटलं होतं. नाही सुधारला. म्हणजे मीच कमी पडले ना?" जे काम तिच्यावर टाकलं होतं ते कुणाही बायकोच्या हातचं नव्हतं, हे तिला पटायला वर्ष गेलं. आज तुमच्या घरात सगळ्यांना भावाची काळजी आहे. लग्नानंतर सहा महिन्यांनी बोट कुणाकडे वळेल, ते मला आत्ताच दिसतंय.

भावाच्या बोलण्याकडे येते. टर्की येत नाही म्हणजे व्यसन नाही, हे त्याला कुणीतरी पटवून दिलंय. अशी पटवापटवी फार जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवायच्या, पाळी संपेपर्यंत ते झोपून राहावं म्हणून. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, घरात सांभाळायला माणूस नव्हतं इतकंच. अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनपासून १८७४ मध्ये लंडनला पहिल्यांदा हेरॉइन तयार झालं. १८९८ पासून जर्मनीच्या बायर कंपनीने ते खोकल्याचं औषध म्हणून विकलं, मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही असं सांगून! तेच हेरॉइन १९८० च्या दशकात भेसळ होऊन 'गर्द' या नावाने मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आलं, आणि पन्नीवर धूर ओढणारी पोरं चांगल्या-चांगल्या घरांत निघाली. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्द सोडताना त्या मुलांचं नाक गळायचं, हाडं मोडून यायची, जुलाब-उलट्या व्हायच्या, अंगावर काटा यायचा. ती टर्की. ती इतकी भयंकर दिसायची की टर्की म्हणजेच व्यसन, असा समज लोकांच्या मनात पक्का बसला.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. १९२९ मध्ये प्रयोगशाळेत तयार होऊन विस्मरणात गेलेलं हे रसायन या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा वर आलं. फेब्रुवारी २०१५ पर्यंत आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे "हे काही ड्रग नाही" म्हणत ते हातोहात पसरलं. आता तर ते बाहेरून यावंही लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभचा. "आपल्याकडे असलं काही नाही" म्हणणाऱ्या वडिलांना हे जरूर सांगा. ज्या मुलाने भावाला पहिली पुडी दिली, तोही बहुधा कुणाचा तरी असाच अडकलेला भाऊ असेल. संगत सुटली तरी शरीराने धरलेली ओढ सुटत नाही.

एमडीची टर्की हाडांत येत नाही, मनात येते. नशा दोन-तीन तासांत उतरते, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढली जाते. भूक मरते, जबडा आवळला जातो, नाकातून रक्त येतं, अंग तापतं, छाती धडधडते, आणि हृदयाचे ठोके बिघडून धडधाकट तरुण जाऊ शकतो. कुणी पाळतीवर आहे, दाराबाहेर पोलीस उभे आहेत, असे भास होतात. उतरल्यावर मग ती दीड दिवसाची झोप, मरगळ, चिडचिड, जगण्यात काही राम नाही असं वाटणं. त्यातून सुटायला पुन्हा पुडी. चार दिवस घेत नाही म्हणतो, ते खरंही असेल. पाचव्या दिवशी काय होतं, ते त्याला विचारा.

आता एक काम, आणि हे बाकी कशाच्याही आधी करा. द्राक्षबाग आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात नाही तर शेडमध्ये असणारच. आजच वडिलांना फोन करून ती कुलपात ठेवायला सांगा, किल्ली त्यांनी स्वतःच्या अंगावर ठेवावी. एमडी उतरतानाची उदासी आणि हाताशी असलेलं विष, या दोन गोष्टी एका घरात नकोत. त्यात लग्नाचा विषय निघाला की तो आणखी खचेल. "मरून जावं असं मनात येतं का रे?" असं त्याला स्पष्ट विचारा. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. माणसाला बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला क्षणभर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मामांची रात्रीची गाडी नको. मारून-बांधून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती बाहेर येतात ती घरच्यांवरचा राग घेऊन, आणि पहिल्याच आठवड्यात अड्ड्यावर जातात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा नशेतून आलेल्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील, किंवा स्वतःचं बघण्याच्या स्थितीत नाही, असं तज्ज्ञांनी तपासून ठरवावं लागतं, आणि तेही सुरुवातीला तीस दिवसांपुरतंच. साखळीने बांधायला तर कायद्यानेच बंदी आहे. भाऊ भासांच्या भरात अंगावर धावून आला तर जरूर दाखल करा, पण रुग्णालयात. केंद्र निवडायचं झालं तर तुम्ही स्वतः आधी जाऊन या. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांसाठी सभा असते का, सुटल्यानंतर पाठपुरावा कोण करतं, हे विचारा. मुलं झोपतात त्या खोल्या आणि स्वयंपाकघर बघा. आत पाऊलच टाकू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. आणि पंधरा दिवसांत काम उरकत नाही. दाखल असतानाचा काळ ही सुरुवात असते, खरी परीक्षा घरी आल्यावर असते, आणि त्यात पाय घसरला तरी मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढावी तसं ते समजून परत उपचारांकडे वळायचं असतं.

औषधांबद्दल थोडं. गर्दाची ओढ आटोक्यात ठेवायला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टर देतात, दारूसाठीही औषधं आहेत. एमडीची ओढ मारणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. झोप, उदासी, भास यांवर औषधं, नियमित समुपदेशन, गटाच्या सभा आणि दिवसाची नवी घडी बसवणं, यावरच सगळी भिस्त आहे. "चहातून द्या, त्याला कळणारही नाही" अशा जाहिरातींतल्या पुड्यांवर एक रुपया घालवू नका. भावाला आणखी एक विचारा: नशा उतरवायला, झोप यायला तो दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का? एमडीवाली बरीच मुलं घेतात. रोजची सवय असेल तर या दोन्ही गोष्टी एकदम तोडायच्या नसतात, आकडी येऊन जीव धोक्यात येतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी गर्द आहे त्यांनी दुसरं लक्षात ठेवावं. काही आठवडे बंद राहिलेल्या माणसाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सहन करायची ताकद तोवर उतरलेली असते. केंद्रातून घरी आल्यानंतरचे दिवस त्यासाठी फार जपायचे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्याच १९८५ च्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही, म्हणून उधारी फेडायला भाऊ इतरांना पुड्या पोचवत तर नाही ना, हेही कळायला हवं. आणि उधारी यापुढे फेडू नका. आईंच्या पाटल्या मोडल्या तेव्हा पुडीवाल्याला कळलं की या घरातून पैसे निघतात. धमक्या आल्या तर वकिलाला बरोबर घेऊन पोलिसांत जा. भावाच्या हातात रोख पैसे देऊ नका, मात्र त्याचं ताट कधी बंद करू नका.

लग्नाचं काय करायचं, ते आता बघू. गप्प राहायचं तर बस्ता होईल, पत्रिका छापल्या जातील आणि दर आठवड्याला खरं बोलणं जास्त अवघड होत जाईल. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत तिला लग्न रद्द करून मागता येतं. तुमच्या प्रकरणात काय, ते न्यायालय ठरवील, पण तिथवर वेळ आली तर दोन्ही घरांची काय दशा होईल? दुसरा मार्ग म्हणजे काहीतरी निमित्त काढून तारीख पुढे ढकलणं. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि चारचौघांत अब्रू झाकायला मी त्याला विरोध करणार नाही. पण ते निमित्त पाहुण्यारावळ्यांपुरतं. त्या मुलीला त्याच निमित्तावर वर्षभर ताटकळत ठेवलं तर तुमचं फोनवरचं उत्तरच लांबवल्यासारखं होईल. तिसरा मार्ग, तुम्ही थेट तिच्या वडिलांना किंवा मध्यस्थाला गाठणं. मध्यस्थाला तर मुळीच नको, संध्याकाळपर्यंत चार गावांत होईल.

मला पटतो तो मार्ग असा. आधी भावाशी बोला, आई-वडिलांच्याही आधी. रात्री नको, नशेत असताना नको, नुकताच झोपेतून उठलेला असताना नको. त्याची झोप होऊ द्या, दोन घास खाऊ द्या, मग बागेत घेऊन जा. नोट काढून पुरावे मांडू नका. "तू दोन वर्षांत किती वाळलास ते मला बघवत नाही. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. आणि तिला तुझ्याकडूनच कळलं पाहिजे. आठ दिवसांत तू सांग, नाहीतर मी सांगेन. तोवर बस्ता थांबवायला मी आईला सांगते." एवढंच. तो चिडेल, रडेल, आपण कधीही सोडू शकतो म्हणेल. त्यावर वाद घालू नका, सोडवायला मदत घे म्हणा, आणि आठ दिवस म्हणजे आठच दिवस. व्यसनातून बाहेर पडायच्या पहिल्या वर्षात नवा संसार मांडू नये, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. वर्षभर तो स्वच्छ राहिला आणि सगळं माहीत असूनही ती हो म्हणाली, तर तुम्ही आनंदाने अक्षता टाका.

आई बोलायच्या बंद होतील. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. माहेर तुटायची तुमची भीती पोकळ आहे असं म्हणून तुमची समजूत काढणार नाही. भावाशी बोलून झालं की आईंच्या आधी वडिलांना विश्वासात घ्या, आणि दोघांना एकदा तरी कुटुंबीयांच्या सभेला घेऊन जा. दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकलं की आईला पटतं, हे मी नेहमी पाहते. जवळची सभा, केंद्र कुठे आहे ते १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर कळतं.

आठ दिवसांत भावाने सांगितलं नाही, तर तुम्ही तिलाच फोन करा. शाळा सुटल्यावरच्या वेळेला, ती एकटी असताना. "तू मला झोपेचं विचारलं होतंस. त्या दिवशी मी खरं बोलले नाही. त्याला एमडीचं व्यसन आहे, दोन वर्षं झाली. आम्ही उपचार सुरू करतोय. तू काय ठरवशील त्याचा दोष तुझ्यावर येऊ देणार नाही." भाऊ मनाने किती चांगला आहे ते त्या वेळी सांगत बसू नका. त्याला सांभाळून घे, असंही म्हणू नका. ती काही न बोलता फोन ठेवील कदाचित. लगेच परत लावू नका.